समुद्र तापतो तेव्हा प्रवाळाला कोण तारतं?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मागेपुढे आमच्या अमळनेरच्या घरात काळ्या मसाल्याचं सामान निवडायला काढतात. मिरच्या, धणे, खोबरं, आणि कागदाच्या पुडीत वेगळं ठेवलेलं दगडफूल. यंदा पुतणीने ती करडी-काळपट, कडेला कुरळी झालेली पापुद्र्यासारखी वस्तू उचलली आणि माझ्या आईला विचारलं, "आजीमाय, हाई काय शे? पाला शे का दगड शे?" आई म्हणाली, "दगडनं फूल शे ते, पोरी."

त्याच दुपारी शेजारचे नाना आले. समुद्रातले प्रवाळ पांढरे पडल्याची बातमी त्यांनी मोबाइलवर वाचली होती. "ताई, यात लिहिलंय की आतलं शेवाळ निघून गेलं म्हणून प्रवाळ मेले. आपल्या हौदातलं शेवाळ तर आपण घासून काढतो. शेवाळ गेल्यावर कोणी मरतं का?"

प्रश्न रास्त आहे. पुतणीच्या आणि नानांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं एकच आहे, म्हणून मसाल्याच्या सुपापासूनच सुरुवात करते.

दगडफुलात दोघे राहतात

दगडफूल हे ना फूल, ना पाला. ती एक बुरशी आहे आणि तिच्या धाग्यांच्या जाळ्यात हिरव्या शेवाळाच्या सूक्ष्म पेशी राहतात. बुरशी दगडाला घट्ट धरते, ओल टिकवते, उन्हापासून आडोसा देते. शेवाळ सूर्यप्रकाशावर साखर तयार करतं आणि दोघांचं पोट भरतं. उघड्या खडकावर एकट्या बुरशीला खायला काही नाही आणि एकटं शेवाळ वाळून जाईल. दोघे मिळून मात्र अशा जागी तग धरतात जिथे गवताची काडीही उगवत नाही.

१८६०च्या दशकात सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने दगडफुलाच्या जातीतल्या वनस्पती म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांची जोडी आहे असं मांडलं, तेव्हा त्या विषयातल्या जाणत्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. एका जिवाच्या अंगात दुसरा जीव कायमचा नांदतो हे तेव्हा कोणाला पटेना. आज अशा नांदण्याला आपण सहजीवन म्हणतो. तुरीचं रोप उपटलं की मुळांवर ज्या गाठी दिसतात त्यातही हेच चालतं. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात आणि पीक त्यांना साखर देतं. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही, तूर घेतलेल्या रानात पुढचं पीक कसं येतं ते त्याने पाहिलेलं असतं.

समुद्रातली जोडी याच घराण्यातली आहे. फरक एवढाच की तिथे शेवाळाला आसरा देणारा एक प्राणी आहे.

पोवळं आणि प्रवाळ

आमच्या गावात मंगळग्रहाचं मंदिर असल्यामुळे पोवळं सगळ्यांना माहीत आहे. बोटातलं लाल पोवळं म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा. तरी अंगठीतलं पोवळं आणि बातमीतले प्रवाळ यांत एक मोठा फरक आहे. दागिन्यातलं लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या, खोल जागी वाढतं आणि त्याच्या अंगात शेवाळ नसतं. बातमीतले प्रवाळ उथळ, कोमट, लख्ख उजेडाच्या पाण्यात भिंतीच्या भिंती उभारतात, आणि त्यांचा सगळा कारभार शेवाळावर चालतो.

प्रवाळ हा प्राणी आहे, हेही पुष्कळांना नवं वाटतं. त्याचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचा, पिशवीसारखा. वर तोंड, तोंडाभोवती इवल्या सोंडा. त्याला पॉलिप म्हणतात. तो आपल्या बुडाशी चुन्याचा थर घालत जातो. असे लाखो पॉलिप शेजारी शेजारी बसून पिढ्यान्‌पिढ्या चुना घालत राहिले की खडक तयार होतो. लक्षद्वीपची बेटंच्या बेटं अशी बनलेली आहेत. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग या खडकांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या ज्ञात जातींपैकी सुमारे पाव जाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला असतात.

ज्या पाण्यात हे खडक वाढतात ते नितळ, निळं पाणी खाण्यापिण्याच्या दृष्टीने जवळजवळ रिकामं असतं. पाणी नितळ दिसतं ते त्यात फारसं काही नसतं म्हणून. मुरमाड माळावर केळीची बाग डोलताना दिसली तर आपण विचारू की याला खत-पाणी येतं कुठून? प्रवाळांबद्दल हाच प्रश्न शास्त्रज्ञांना पडला होता.

अंगातला वाटेकरी

उत्तर पॉलिपच्या कातडीखाली आहे. त्याच्या आतल्या थराच्या पेशींमध्ये सोनेरी-तपकिरी रंगाचं एकपेशीय शेवाळ राहतं. एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत दहा लाख किंवा त्याहून जास्त. शास्त्रीय भाषेत त्यांना झूझँथेली म्हणतात; मी यापुढे नुसतं सोबती शेवाळ म्हणेन. हौदाच्या भिंतीवरचं बुळबुळीत हिरवं शेवाळ आणि हे शेवाळ वेगळ्या कुळांतली आहेत, नानांनी दोन्ही एकच समजू नयेत.

व्यवहार आपल्या बटाईसारखा आहे. प्रवाळ जागा देतो, आडोसा देतो. त्याच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या अंगातून निघणारी नत्र-स्फुरदाची घाण शेवाळाला खत म्हणून मिळते. शेवाळ उन्हावर साखर, स्निग्ध पदार्थ असं अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा प्रवाळाला देतं. हा वाटा निम्मा नसतो, अनेकदा ९० टक्क्यांपर्यंत जातो. चुना घालायचं कामही उजेडात, शेवाळ कामावर असताना, जास्त वेगाने होतं. रिकाम्या पाण्यात खडक उभे राहतात ते या आतल्या आत फिरणाऱ्या खत-अन्नाच्या चक्रामुळे. काहीच वाया जात नाही. शेणखत आपल्याच रानात जिरवणाऱ्या जुन्या शेतकऱ्याचा हिशेब यापेक्षा वेगळा नव्हता.

शिवाय या शेवाळाच्या काही जाती अतिनील किरण अडवणारे पदार्थ बनवतात. आपण उन्हात निघताना डोक्याला रुमाल गुंडाळतो, तसं.

ही मैत्री म्हणायची की पिळवणूक?

शाळेत हा धडा शिकवताना एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, ९० टक्के मालकाला? मग वाटेकरी पळून का जात नाही?" मला त्याचा प्रश्न फार आवडला. संशोधकांचंही या बाबतीत पूर्ण एकमत नाही. प्रवाळ शेवाळाला नत्र मोजून-मापून देतो. नत्र कमी मिळालं की शेवाळाला आपली संख्या वाढवता येत नाही, आणि तयार झालेली साखर वापरायला जागा उरत नाही. मग ती बाहेर झिरपते, मालकाच्या पोटात जाते. म्हणजे हा उदारपणा बराचसा उपाशी ठेवून मिळवलेला आहे. दुसरीकडे, उघड्या समुद्रात त्या शेवाळाला इतकं खत, इतका उजेड आणि खाणाऱ्यांपासून इतकं संरक्षण क्वचितच मिळालं असतं. या शेवाळाचं कूळ जुरासिक काळापासूनचं, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचं, असा अंदाज आहे. इतका काळ टिकलेल्या नात्याला मी तरी नुसती पिळवणूक म्हणणार नाही. पण तो व्यवहार आहे, आणि व्यवहार दोन्ही बाजूंना परवडतो तोवर चालतो. उष्णतेत नेमकं तेच बिघडतं.

एका अंशाने काय होतं?

भुसावळ-जळगावला पारा ४४ वरून ४५ वर गेला तर आपण "आज जरा जास्त आहे" म्हणतो आणि कामाला लागतो. म्हणून समुद्र एका अंशाने तापला हे ऐकून आपल्याला काही वाटत नाही. त्यापेक्षा अंगातल्या तापाशी तुलना करावी. शरीर ३७ अंशांवरून ३८ वर गेलं की आपण अंथरूण धरतो, आणि असा ताप महिनाभर उतरला नाही तर घरचे धास्तावतात. बहुतेक प्रवाळांची सोय त्यांच्या भागातल्या नेहमीच्या उन्हाळ्यापुरतीच असते. त्या कमाल तापमानापेक्षा पाणी जेमतेम एक अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की गडबड सुरू होते.

काय होतं ते मोटारीच्या उदाहरणाने सांगते. व्होल्टेज चढलं आणि मोटारीला ते पेललं नाही की वाइंडिंग जळतं. शेवाळाच्या पेशीत उजेड पकडणारी यंत्रणा आणि त्या ऊर्जेतून साखर बनवणारी यंत्रणा असे दोन भाग असतात. पाणी तापलं की दुसरी मंदावते, पहिलीही दुखावते, पण वरून ऊन तेवढंच पडत राहतं. न पेललेली ऊर्जा ऑक्सिजनला जाऊन भिडते आणि त्याची जाळणारी, पेशी पोखरणारी रूपं तयार होतात. आता वाटेकरी घरात आग लावणारा झाला. शिवाय उष्णतेत शेवाळ आपली साखर स्वतःकडेच जास्त राखू लागतं. म्हणजे अन्न कमी आणि विष जास्त.

मग शेवाळ पॉलिपच्या बाहेर पडतं. प्रवाळ त्याला हाकलतो, काही पचवतो, काही पेशी शेवाळासकट गळून जातात. रंग शेवाळाचा होता, तो गेला. पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात.

इथे बातम्यांमध्ये एक चूक वारंवार होते. पांढरा पडलेला प्रवाळ त्या क्षणी मेलेला नसतो. तो उपाशी असतो. अंगावरच्या चरबीवर आणि सोंडांनी पकडलेल्या बारीकसारीक जिवांवर तो काही आठवडे तग धरतो. पाणी वेळेत निवलं तर उरलंसुरलं शेवाळ पुन्हा वाढतं, रंग परत येतो. नाही निवलं तर तो मरतो आणि त्या सांगाड्यावर दुसरंच, केसाळ शेवाळ चढतं.

मग शेवाळ तारतं ते कसं?

सोबती शेवाळ एकाच जातीचं नसतं. पूर्वी सगळं एकच समजत. आनुवंशिक तपासणीनंतर त्यात खूप भिन्न कुळं निघाली, आणि २०१८ मध्ये त्यांची वेगवेगळ्या प्रजातींत रीतसर मांडणी झाली. त्यांतली ड्युरसडिनियम ही प्रजाती उष्णता सोसण्यात पुढे आहे. क्लॅडोकोपियम ही प्रजाती नेहमीच्या पाण्यात भरपूर कमावून देते, पण तिच्या बऱ्याच जाती तापात लवकर हात टेकतात.

आमच्याकडे आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं आणि नवं साल ठरतं. काही प्रवाळ असंच करतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, दक्षिणेच्या थंड पाण्यातले प्रवाळ उत्तरेच्या उष्ण पाण्यात नेऊन लावले होते. ते पांढरे पडले, बरेच मेले. जे वाचले त्यांच्या अंगात आता ड्युरसडिनियमचं राज्य होतं, आणि त्यांची उष्णता सोसायची ताकद १ ते १.५ अंशाने वाढली होती. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. बहुतेक वेळा नवा गडी बाहेरून येत नाही. तो आधीपासून अंगात थोड्या संख्येने असतो, आणि जुने गेल्यावर पसरतो.

इराणच्या आखाताचं उदाहरण तर मला अजून थक्क करतं. तिथलं पाणी उन्हाळ्यात ३५ अंशांच्या घरात जातं, एरवीचा प्रवाळ त्यात उरणार नाही. तिथल्या पुष्कळ प्रवाळांमध्ये क्लॅडोकोपियमचीच एक वेगळी जात सापडली. २०१५ मध्ये तिचं वर्णन झालं आणि नावातच उष्णताप्रेमी असा अर्थ आला. म्हणजे प्रजातीचं नाव पाहून सगळ्यांना एका तराजूत तोलता येत नाही. कापसाचं एक वाण पाण्याच्या ताणात जळतं आणि दुसरं निभावून नेतं, तसंच.

सगळ्यांनी हेच शेवाळ घ्यावं की!

नानांनी लगेच हे म्हटलंच. पण देशी आणि संकरित वाणांचा फरक त्यांनाही माहीत आहे. काटक वाण दुष्काळात उभं राहतं, पण चांगल्या वर्षी उतारा कमी देतं. ड्युरसडिनियम ठेवणारे प्रवाळ बऱ्याचदा हळू वाढतात, कारण ते शेवाळ मालकाला कमी देतं. एका प्रयोगात लहान प्रवाळांची वाढ क्लॅडोकोपियमसोबत दोन-तीन पट जास्त झाली. वाढ मंद म्हणजे वादळाने मोडलेला खडक भरून यायला उशीर, शेजाऱ्याशी जागेच्या भांडणात हार. म्हणून पाणी निवलं की काही वर्षांत बरेच प्रवाळ जुन्या सोबत्याकडे परततात.

दुसरी अडचण निवडीची. प्रत्येक प्रवाळाचं कोणाशी जमतं हे बरंचसं ठरलेलं असतं. पॉलिपची पेशी शेवाळाच्या अंगावरची साखरेची खूण ओळखते आणि मगच आत ठेवून घेते. बहुतेक प्रवाळांची पिल्लं जन्मतः रिकामी असतात, ती समुद्रातून आपला सोबती मिळवतात. त्या वयात थोडी मोकळीक असते. मोठेपणी सवय बदलणं जड जातं.

यावर माणसाने एक उपाय शोधून पाहिला आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी क्लॅडोकोपियमचे दहा गट प्रयोगशाळेत चार वर्षं ३१ अंशांत वाढवले. पिढ्यामागून पिढ्या गेल्या, उष्णता सोसणारे उरले. ते प्रवाळाच्या पिल्लांत सोडल्यावर दहापैकी तीन गटांनी पिल्लांचीही सहनशक्ती वाढवली. बाकी सात गट एकटे असताना तापात टिकत, पण मालकाच्या अंगात गेल्यावर त्यांचा उपयोग होईना. २०२०चं हे काम आहे. पुढे मोठ्या प्रवाळांवरही आशा वाढवणारे निकाल आले. पण काचेच्या टाकीतलं यश आणि हजारो किलोमीटरचा समुद्र यांत फार अंतर आहे. केळीचं रोप प्रयोगशाळेत तयार होतं, बागेत मात्र ते एकेक करून हातानेच लावावं लागतं.

फक्त प्रवाळच असं करतात का?

नाही. महाकाय शिंपला, ज्याची मोठी जात मीटरभराहून लांब आणि २०० किलोच्या वर भरते, आपल्या निळ्या-हिरव्या मांसल ओठांत हेच सोबती शेवाळ पाळतो. त्या ओठांतल्या चकाकणाऱ्या पेशी उजेड विखरून आतल्या शेवाळापर्यंत पोचवतात. कॅसिओपिया नावाची जेलीफिश उथळ पाण्याच्या तळाशी पाठ टेकून उताणी पडते, कारण शेवाळ तिच्या खालच्या बाजूला असतं आणि त्याला ऊन लागतं. गोड्या पाण्यात राहणारा हिरवा हायड्रा हाही याच वाटेचा, त्याचं शेवाळ मात्र वेगळ्या कुळातलं.

निसर्ग आपोआप जुळवून घेईल ना?

हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकायला मिळतो. जुळवून घेण्याची ताकद आहे, ती वर सांगितलीच. प्रश्न उसंतीचा आहे. वादळाने केळीची बाग आडवी केली तर शेतकरी पुन्हा उभा राहतो. तीन वर्षांत दोनदा झाली तर तो कर्जात बुडतो. १९८०च्या सुमारास एखाद्या प्रवाळ-पट्ट्यावर मोठं विरंजन २५-३० वर्षांतून एकदा येई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे अंतर सुमारे ६ वर्षांवर आलेलं दिसलं. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ अशा मोठ्या लाटा आल्या. वेगाने वाढणाऱ्या प्रवाळांनाही सावरायला दहाएक वर्षं लागतात.

जगभर एकाच वेळी पसरलेलं विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात नोंदलं गेलं. चौथं २०२३ मध्ये सुरू झालं आणि २०२५च्या पूर्वार्धापर्यंत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळ-क्षेत्राला विरंजन घडवू शकणारी उष्णता लागली होती. आपलं लक्षद्वीप त्यात होतं. १९९८ पासूनच्या पाव शतकात तिथलं जिवंत प्रवाळांचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं आहे. तिथली माणसं समुद्रसपाटीपासून काही मीटर उंचीच्या बेटांवर राहतात, आणि लाटेचा जोर मोडणारा बांध म्हणजे हेच प्रवाळ. बांध रोज थोडा झिजतो आणि जिवंत पॉलिप रोज थोडा भरतात. भरणारे कमी झाले की झीज वरचढ होते.

हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी मंडळाने २०१८ मध्ये दिलेला आकडा असा: पृथ्वी औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत १.५ अंशाने तापली तर उष्ण पाण्यातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, २ अंशांनी तापली तर ९९ टक्क्यांहून जास्त. आता हे आकडे सोबती शेवाळाच्या देणगीशेजारी ठेवून पाहा. शेवाळ बदलून मिळतो तो दिलासा एक-दीड अंशाचा, तोही काही जातींनाच आणि वाढीची किंमत मोजून. त्या दिलाशातला बराचसा भाग आपण आधीच खर्चून बसलो आहोत. शेवाळ आणि प्रवाळ आपल्या परीने करताहेत, यापुढचा अर्धा अंश वाढू न देणं आपल्या हातात आहे, आणि ते कोळसा-तेल जाळणं कमी केल्याशिवाय होणार नाही.

द्वारकेला जाल तेव्हा

खानदेशातून समुद्र लांब, हे खरं. पण द्वारकेची यात्रा आपल्याकडचे पुष्कळ लोक करतात. जामनगरहून द्वारकेकडे जाताना वाडीनारच्या बाजूला नरारा नावाचं ठिकाण लागतं. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग आहे. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पाण्यात न बुडता, चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येतात. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि ओहोटीची वेळ आधी विचारून ठेवावी लागते.

तिथले प्रवाळ ओहोटीच्या वेळी उघड्यावर ऊन सोसतात, भरती आली की गढूळ पाण्याखाली जातात. प्रवाळाच्या एखाद्या गोळ्यावर तपकिरी किंवा हिरवट झाक दिसली तर आत शेवाळ कामावर आहे. पांढराफटक दिसला तर तो उपाशी असू शकतो, मेलाच असेल असं नाही. म्हणून पांढऱ्यावरही पाय देऊ नका. तुकडा पिशवीत टाकून आणू नका आणि बाजारात कोणी शोभेसाठी विकत असेल तर घेऊ नका. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. नानांनी या दिवाळीनंतर जायचं ठरवलं आहे. पुतणीला सोबत नेणार आहेत, आणि ओहोटीच्या वेळा काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे.